‘डीएम कर’ म्हणणारं कॉलेज लेखी का देत नाही?

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या भागातल्या एका कबड्डीपटू मुलीच्या इन्स्टाग्रामवर मेसेज आला. ‘रेड जबरदस्त आहे. ॲडमिशन कुठे घेतेस? डीएम कर.’ पाठवणारा एका कॉलेजच्या संघाशी संबंधित होता. कॉलेजचं नाव इथे देत नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. मुलगी चाकणजवळच्या गावातली. बाप एका व्हेंडर कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला, आई मेसमध्ये पोळ्या लाटते. मुलीने गावच्या मैदानावरच्या मॅचची वीस सेकंदांची रील टाकली होती. ती कुणीतरी पाहिली आणि घरात दिवाळी झाली.

चॅटवर सगळं ठरलं. फी माफ, होस्टेल फुकट, मेसचं कॉलेज बघेल, किट मिळेल. ‘पुढे युनिव्हर्सिटी खेळलीस की लाईफ सेट.’ बापाने विचारलं, ‘कागद काही देतील का?’ उत्तर आलं, ‘काका, विश्वास ठेवा.’ काकांनी ठेवला.

पोरगी सीझनभर खेळली. डिसेंबरमध्ये गुडघ्याचा लिगामेंट गेला. फेब्रुवारीत मेस बंद झाली. मार्चमध्ये होस्टेलचे पैसे भरायला सांगितलं. पोरगी जुने मेसेज दाखवायला गेली, तर समोरच्याने ते कधीच अनसेंड केले होते. चॅटमध्ये फक्त तिचेच मेसेज उरले होते. ‘हो सर’, ‘थँक्यू सर’, ‘येते सर’. एका गरीब घराचा आणि एका संस्थेचा करार झाला होता, आणि त्यातली संस्थेची बाजू एका बोटाने पुसली गेली.

मित्रांनो, आज याच बोटाबद्दल बोलायचं आहे.

दार उघडलं हे खरं आहे

आधी जे चांगलं झालं ते कबूल करू. आपल्यातले काही ज्येष्ठ कार्यकर्ते मोबाईल दिसला की वैतागतात. ‘पोरं रीलमध्ये वाया गेली’ हे त्यांचं पालुपद. मला ते अर्धंच पटतं.

सोशल मीडिया नव्हता तेव्हा खेळाडू कसा निवडला जायचा? पीटीचे सर कुणाला ओळखतात, तालमीचा वस्ताद कुणाच्या भावकीतला आहे, मंडळाचा अध्यक्ष कुणाचा कार्यकर्ता आहे, यावर. ओटास्कीम, मिलिंदनगर, लांडेवाडी किंवा बालाजीनगरच्या पोराला आधी कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागायचं. आणि दारात उभं राहणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

याचा इतिहास आपल्या पुण्यातच आहे. बाळू पालवणकर, जगाला पी. बाळू म्हणून माहीत असलेला गोलंदाज, चांभार समाजातला. १८९०च्या दशकात तो पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर मैदानाची देखभाल करायचा. पगार महिना ४ रुपये. नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करायची आणि फलंदाजी मात्र त्याच्या वाट्याला येऊ द्यायची नाही, अशी रीत. त्याचा डावखुरा फिरकी मारा पाहून पुण्यातल्या हिंदू संघाला तो हवासा वाटला, कारण युरोपियनांना हरवायचं होतं. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या कपात वेगळा चहा. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या दौऱ्यात बाळूने शंभराहून जास्त बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते मिळालं १९२३ साली, त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला, तेही मोठ्या वादानंतर.

पुढे बाळू काँग्रेसच्या बाजूने गेला आणि १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहून हरला. हा इतिहासही लपवायचं कारण नाही. पण तरुण वयात बाबासाहेबांना बाळूचा अभिमान होता, हेही तितकंच खरं. बाळूच्या गोष्टीतून आपण घ्यायचा धडा वेगळा आहे. कुणाला तुमचा खेळ हवा आहे याचा अर्थ त्याला तुम्ही हवे आहात असा होत नाही. चेंडू हवा, पण कप वेगळा. आज कप वेगळा ठेवत नाहीत. आज रील सगळ्यांसमोर लाईक करतात आणि वायदा मात्र बंद चॅटमध्ये करतात.

मोबाईलला काय दिसतं, काय दिसत नाही

‘आता टॅलेंट लपत नाही, व्हायरल होतं’ असं म्हणतात. खरंच होतं का?

रील चांगली दिसायला कुणीतरी बाजूला उभं राहून शूट करायला लागतं. चांगला कॅमेरा लागतो, उजेडाचं मैदान लागतं. निगडी-प्राधिकरणातल्या अकादमीत महिन्याला फी भरणाऱ्या पोराचा व्हिडिओ अकादमीच काढते, एडिट करते, कॉलेजांना टॅग करते. म्हाळुंगे-निघोजेच्या चाळीत राहणारं पोरगं कंपनीच्या पार्किंगमागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी साडेसातला सराव करतं, कारण तोवर ते कामावर असतं. त्याच्या व्हिडिओत अंधार आणि धूळ दिसते, खेळ दिसत नाही.

खेळांतही फरक आहे. कबड्डीची रेड, कुस्तीचा डाव, क्रिकेटचा षटकार वीस सेकंदांत दिसतो. लांब पल्ल्याचं धावणं, रोइंग, नेमबाजी वीस सेकंदांत दिसत नाही. बीडचा अविनाश साबळे, साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर हे ३००० मीटर स्टीपलचेसमधून पुढे आले. त्यांची गुणवत्ता घड्याळ मोजतं. नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाला आणि तिथेच रोइंगकडे वळला. आपल्या दापोडीच्या सीएमईमध्ये सैन्याचं रोइंगचं केंद्र आहे. दत्तू २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेला. त्याची उंची आणि ताकद कुणीतरी समोर उभं राहून पाहिली, मोजली, नोंदवली. कोल्हापूरजवळच्या स्वप्निल कुसाळेला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीने घेतलं, रेल्वेने नोकरी दिली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने कांस्यपदक आणलं. या माणसांना पुढे आणलं ते चाचणीने, प्रबोधिनीने, खात्याने. म्हणजे सार्वजनिक व्यवस्थेने. ही व्यवस्था कितीही तोकडी असली तरी तिच्याकडे रजिस्टर असतं. आपल्याला त्यातलं पान मागता येतं.

इन्स्टाग्रामकडे असं पान नाही. एखादी पोरगी कॉलेजच्या माणसाला का दिसली आणि दुसरी का दिसली नाही, हे कुणालाच विचारता येत नाही. आणि प्रोफाईलवर नुसता खेळ नसतो. तिथे आडनाव असतं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला फोटो असतो. बायोमध्ये ‘जय भीम’ असतं. ओळखीच्या एका पोराला त्याच्याच कोचने सल्ला दिला, ‘ट्रायलच्या आधी ते निळं काढ, उगाच कशाला.’ कोच वाईट माणूस नव्हता. त्याला व्यवस्था ठाऊक होती एवढंच. पण ज्या निवडीसाठी आपल्या पोराला बाबासाहेबांचा फोटो काढावा लागतो, ती निवड जात बघत नाही असं कोणत्या तोंडाने सांगणार?

‘फी माफ’ नावाची फसवणूक

आता त्या पोरीच्या ‘फी माफ’कडे येऊ. इथे आपल्या पोरांचं सर्वात मोठं नुकसान होतं आणि तेही हसत-हसत.

ती मुलगी अनुसूचित जातीची. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. म्हणजे भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला, आपण जिला जीओआय म्हणतो तिला, ती पात्रच होती. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असतं तरी महाराष्ट्रात फ्रीशिप आहे. महाडीबीटीवर फॉर्म तिने स्वतः भरला होता. म्हणजे कॉलेजने माफ केलेली फी ही मुळात कॉलेजची मेहरबानीच नव्हती. तो तिचा हक्क होता आणि पैसा सरकारचा. कॉलेजने खिशातून किती घातले? हिशोब केला तर एक जर्सी आणि एक बूट.

पुढची गंमत बघा. २०२१ पासून या शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यावर येतो. तिच्या खात्यावर तो आला आणि लगेच ऑफिसमधून फोन, ‘पैसे आलेत ना? फी भरून टाक.’ ज्या मुलीला ‘स्पोर्ट्समधून फी माफ’ म्हणून आणलं, तिच्याकडूनच शिष्यवृत्तीची फी घेतली. कायद्याने फी भरणं बरोबरच होतं. पण मग माफ काय केलं होतं? आणि हाच वायदा खुल्या प्रवर्गातल्या खेळाडूला केला असता, तर कॉलेजला स्वतःचे पैसे घालावे लागले असते. म्हणजे आपलं पोरगं कॉलेजला फुकटात पडतं आणि उपकाराचं ओझं मात्र वर्षभर आपणच वाहायचं.

यात आणखी एक खड्डा आहे, तो प्रत्येकाने नीट लक्षात ठेवावा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला ‘कॅप राउंडच्या भानगडीत पडू नको, आम्ही मॅनेजमेंट कोट्यातून घेतो’ असं कुणी चॅटवर सांगितलं तर तिथेच थांबा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप मिळत नाही. एका गोड मेसेजवर विसंबून हक्काचे लाखभर रुपये हातचे जातात आणि पुढच्या वर्षी संघातून नाव कटलं की कॉलेज सोडावं लागतं.

प्रमाणपत्राचा बाजार

कॉलेजचं खेळणं महाराष्ट्रात इतकं महत्त्वाचं का झालं, हेही समजून घेतलं पाहिजे. कारण शेवटी नोकरी आहे.

एके काळी कंपन्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या. मुंबईत भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्रा यांचे कबड्डी संघ होते. नोकरी कायम, सकाळी सराव. आज आपल्या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, कायम कामगारच शोधावा लागतो. ठेकेदाराचा माणूस सात महिन्यांनी बदलतो, त्याला कंपनी कसला संघ देणार? उरला सरकारी कोटा. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. २००५ साली त्याचा शासन निर्णय झाला आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्यात सुधारणा होऊन प्रमाणपत्र पडताळणीची पद्धत कडक झाली. याशिवाय रेल्वे आहे, पोलीस आहे, सैन्य आहे. २०१४ पासून प्रो कबड्डी आली. पुणेरी पलटणने २०२४ मध्ये विजेतेपद घेतलं, तेव्हा चाकण परिसरातल्या किती पोरांनी गुडघ्याला पट्टी बांधली ते आम्ही पाहिलंय.

जिथे नोकरी तिथे दलाल. ‘नॅशनल खेळवतो, सर्टिफिकेट हमखास’ अशा जाहिराती इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपच्या भरती ग्रुपवर फिरतात. सोबत चकचकीत पोस्टर, कुणातरी रीलस्टारची शिफारस, गुगल पेचा क्यूआर कोड. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं उघडकीस आली, गुन्हे दाखल झाले, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्याने प्रमाणपत्र विकलं त्याचे पैसे वसूल झालेले असतात. ज्याने आईचं मंगळसूत्र गहाण ठेवून ते घेतलं, त्याच्या नावावर गुन्हा राहतो.

आणि ज्यांचं प्रमाणपत्र खरं आहे त्यांनी एक निकाल पाठ करून ठेवावा. समांतर आरक्षणात अनुसूचित जातीच्या उमेदवाराने गुणवत्तेवर खुल्या जागेत येण्याइतके गुण मिळवले, तर जात दाखवून त्याला तिथून बाहेर काढता येत नाही. खुली जागा ही कुठल्याही जातीची राखीव जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं. तो खटला महिलांच्या समांतर आरक्षणाचा होता, पण तत्त्व तेच. ‘तुझी एससी स्पोर्ट्सची सीट आहे, ओपन स्पोर्ट्सला बघू नको’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे नाव सांगा.

कायदा कुठे आहे आणि कुठे नाही

अमेरिकेत कॉलेजचा खेळ हा अब्जावधी डॉलरचा धंदा आहे. तिथे एनसीएए नावाची संघटना कॉलेज खेळाडूच्या मागे कधी आणि कसं लागू शकतं याचे नियम ठरवते. बऱ्याच खेळांत मुलगा दहावी संपवून १५ जून उजाडेपर्यंत कोचला त्याच्याशी भरतीबद्दल खासगीत बोलताच येत नाही. २००७ साली त्यांनी कोचच्या एसएमएसवरच बंदी घातली होती, ती पुढे सैल झाली. २०१६ पासून कोचला शाळकरी खेळाडूची पोस्ट लाईक किंवा शेअर करायची मुभा मिळाली, पण खाली कमेंट लिहायची नाही. आपल्याला हसू येईल इतके बारीक नियम. पण त्यामागे एक साधी समज आहे. एका बाजूला संस्था आहे आणि दुसऱ्या बाजूला सोळा वर्षांचं पोर. ही बरोबरीची बोलणी नव्हेत.

अमेरिकेचे गोडवे गायचे नाहीत. त्याच व्यवस्थेने कृष्णवर्णीय खेळाडूंच्या घामावर दशकानुदशकं पैसा कमावला आणि त्यांना ‘तुम्ही विद्यार्थी आहात’ म्हणून कमाईपासून दूर ठेवलं. २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, आणि त्याच वर्षीपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, फोटोवर, सोशल मीडियावर कमावता येऊ लागलं. तो बदल न्यायालयात भांडून आणि कायदे करवून मिळाला. दलित पँथरने १९७२ साली नाव कुठून घेतलं हे आपण विसरलेलो नाही, मग हा धडाही घ्यायला हरकत नसावी.

आता आपल्याकडे या. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासेसच्या फसव्या जाहिरातींवर नियम आणले. ‘हमखास निवड’ म्हणायचं नाही, टॉपरचा फोटो परवानगीशिवाय वापरायचा नाही, अटी लपवायच्या नाहीत. उत्तम. पण दोन्हीकडची ‘कोचिंग’ची व्याख्या वाचा. त्यात खेळ स्पष्टपणे वगळला आहे! म्हणजे नीट-जेईईच्या क्लासने ‘हमखास सिलेक्शन’ म्हटलं तर त्याला खास नियम लागू. क्रीडा अकादमीने तेच म्हटलं तर तो नियम नाही. कोटा-लातूरला जाणारं पोर ग्राहक ठरतं आणि चाकणच्या मैदानावरचं पोर कुणीच ठरत नाही. ही वगळणी कुणी जात बघून केली असं मी म्हणत नाही. पण तिचा फटका कुणाच्या पोरांना बसतो ते उघड आहे.

हात अगदीच रिकामे नाहीत. फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागतोच. पैसे घेऊन शिफारस करणाऱ्या रीलस्टारने ती जाहिरात आहे हे सांगणं सक्तीचं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पॉक्सो कायद्यात लैंगिक हेतूने मुलांशी मोबाईलवरून वारंवार संपर्क करणं हाही गुन्हा आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेचा विचार आहे, पण त्याचा रोख राष्ट्रीय महासंघांवर आहे. कॉलेजचा माणूस रात्री साडेदहाला सतरा वर्षांच्या पोरीला ‘जागी आहेस का, ट्रायलचं बोलायचंय’ असं पाठवतो. ते गुन्ह्यात बसत नाही आणि नियमात तर नाहीच. ही मधली जागा रिकामी आहे, आणि सगळा खेळ तिथेच चालतो.

‘नियम आले तर गरिबांचंच नुकसान’

हा आक्षेप प्रामाणिक क्रीडा शिक्षकही घेतात, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. ते म्हणतात, आम्ही स्वतःच्या पेट्रोलने गावोगाव फिरतो. बजेट तुटपुंजं असतं. रील पाहून चार गरीब पोरं आणतो. तुम्ही कागद, नोटिसा, समित्या लावल्या तर आम्ही तेही सोडून देऊ आणि अकादमीतली पोरंच घेऊ.

त्यांची अडचण खरी आहे. असे शिक्षक आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्यामुळे आपली कितीतरी पोरं शिकली. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले होते. अशा माणसांना सलामच. पण त्याच गोष्टीत प्रश्नही आहे. देशाला वैयक्तिक स्पर्धेतलं स्वातंत्र्यानंतरचं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं ते एका भल्या माणसाने घर गहाण ठेवलं म्हणून. भला माणूस भेटला नसता तर? हक्क भल्या माणसाच्या भरवशावर सोडायचा नसतो, तो लिहून घ्यायचा असतो. हे बाबासाहेबांनी संविधानाच्या रूपाने दाखवून दिलं.

आणि आपण मागतोय तरी काय? रील बघू नका असं म्हणत नाही. बघा, लाईक करा, मैदानावर या. फक्त शब्द द्यायचा असेल तर एका कागदावर द्या. ज्याला शब्द पाळायचा आहे त्याला एक पान लिहायला पाच मिनिटं लागतात. नियमाचा त्रास होतो तो मेसेज अनसेंड करणाऱ्याला.

आमच्या मागण्या

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाने आणि राज्याच्या उच्च शिक्षण व क्रीडा विभागांनी एवढं करावं.

१. खेळाडूला दिलेला प्रत्येक वायदा मराठीत, लेखी, प्राचार्यांच्या सहीने द्यावा. फी, होस्टेल, मेस, किट, किती काळ आणि कोणत्या अटीवर, सगळं त्यात असावं. शिष्यवृत्तीतून येणारी रक्कम आणि कॉलेज स्वतः देणार ती रक्कम वेगवेगळी दाखवावी.

२. निवड चाचणीची तारीख, जागा आणि निकष किमान पंधरा दिवस आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आणि कॉलेजच्या फलकावर लावावेत. चाचणीनंतर गुण जाहीर करावेत. डीएमवरून झालेली निवड ही निवड धरू नये.

३. अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी संपर्क फक्त कॉलेजच्या अधिकृत क्रमांकावरून किंवा खात्यावरून करावा, आणि त्यात पालक असावेत. खासगी खात्यावरची बोलणी बंद.

४. खेळताना दुखापत झाली तर त्या शैक्षणिक वर्षापुरत्या सगळ्या सवलती चालू राहाव्यात. उपचार आणि विमा कॉलेजने करावा. मोडलेला गुडघा हा करारभंग नाही.

५. क्रीडा कोट्यातून किती प्रवेश झाले, त्यांत एससी, एसटी, व्हीजेएनटी, ओबीसी आणि मुली किती, हे दरवर्षी नावं न देता जाहीर करावं.

६. विद्यापीठात तक्रार समिती असावी. तिच्यात एक महिला, एक माजी खेळाडू आणि एससी-एसटी कक्षाचा प्रतिनिधी हवाच. तीस दिवसांत निकाल द्यावा.

७. कोचिंगच्या व्याख्येतून खेळ वगळणारं वाक्य केंद्राने काढावं.

तोवर आपण काय करायचं

सरकार उठेपर्यंत पोरं थांबणार नाहीत. या जूनमध्येही मेसेज येतील. म्हणून काही कामं आपली.

वायदा आला की त्याच क्षणी स्क्रीनशॉट, आणि तो स्वतःच्या ईमेलवर. चॅटवर उत्तर देताना लिहा, ‘सर, आपण फी, होस्टेल आणि मेसचं जे म्हणालात ते कॉलेजच्या लेटरहेडवर मिळेल का?’ हे वाक्य उद्धट नाही. जो या एका वाक्याने रागावतो, तो पुढे वर्षभर काय करेल ते तिथेच कळतं. प्रवेशाआधी विचारा की कॅपमधून की मॅनेजमेंटमधून. अनुदानित कॉलेज असेल तर क्रीडा निधीचा हिशोब माहितीच्या अधिकारात मागा. प्रत्येक विद्यार्थी दरवर्षी क्रीडा शुल्क भरतो, ते जातं कुठे हे विचारायचा हक्क त्याला आहे. भर चौकात असो की पोस्टखालच्या कमेंटमध्ये, जातिवाचक शिवी दिली तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. पोस्ट डिलीट होण्याआधी पुरावा जपा.

आणि मंडळांना एक सांगणं. आपल्याकडे दर वस्तीत बुद्धविहार आहे, जयंती मंडळ आहे, डीजेला वर्गणी आहे. त्यातल्या थोड्या पैशांत एक ट्रायपॉड, एक स्टॉपवॉच, एक मोजपट्टी आणि एक वही येते. महिन्यातून एका रविवारी पोरापोरींना मैदानावर न्या. शंभर मीटरची वेळ घ्या, लांब उडी मोजा, मॅचचे पूर्ण व्हिडिओ काढा, तारखेसह वहीत लिहा. नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद हॉकी मैदान, भोसरीची संकुलं, म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल ही आपल्या कराच्या पैशांतून उभी राहिली आहेत. तिथल्या चाचण्यांची माहिती काढून वस्तीच्या ग्रुपवर टाकणं हे कार्यकर्त्याचं काम आहे. खेलो इंडियात निवडल्या गेलेल्या खेळाडूला महिना १० हजार रुपये भत्ता मिळतो, हे किती आईबापांना ठाऊक आहे? ज्याची नोंद आपल्याकडे आहे, त्याला दुसऱ्याच्या अल्गोरिदमची वाट बघावी लागत नाही.

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा आजूबाजूला आजची ही औद्योगिक नगरी उभी राहिलेली नव्हती. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती पुढे हाताने उभी केली. त्यांना अंगठा देऊन काम करावं लागलं, कारण वाचता येत नव्हतं. आपली पोरं पदवीला आहेत. तरीही त्यांना ‘विश्वास ठेव’ म्हणून कोऱ्या कागदावर घेतलं जात असेल, तर अंगठा बदलून स्क्रीनवरचं बोट आलं एवढाच काय तो फरक.

ती मुलगी आता कॉलेज बदलून बाहेरून बी.ए. करते. संध्याकाळी गावातल्या लहान मुलींना कबड्डी शिकवते. परवा तिच्या एका विद्यार्थिनीला मेसेज आला, ‘मस्त खेळतेस, डीएम कर.’ तिने त्या पोरीच्या हातून फोन घेतला आणि उत्तर टाइप केलं, ‘नमस्कार सर. कॉलेजच्या लेटरहेडवर पाठवा. वडिलांचा पत्ता देते.’

अजून उत्तर आलेलं नाही. पण प्रश्न विचारला गेला आहे, आणि तो आता प्रत्येक वस्तीतून विचारला गेला पाहिजे.

जय भीम!